फावल्या वेळात बाहुलीचा फ्रॉक

बार्बीच्या मापाची, म्हणजे ११.५ इंची बाहुली साधारण एक-षष्ठांश प्रमाणात असते. फ्रॉक सहा पटींनी लहान बेतता येतो, कापडाची जाडी मात्र तेवढीच राहते. माणसाच्या कपड्यात शिवणीचे चार पदर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. बाहुलीच्या कमरेला तेच चार पदर टायरसारखे दिसतात. म्हणून दोनच गोष्टी सांभाळायच्या: जाडी जमेल तिथे कमी करायची आणि प्रत्येक काम कापड सपाट असतानाच उरकायचं. सपाट कामाचे आपोआप छोटे टप्पे पडतात, त्यामुळे पंधरा मिनिटांची सवडही कारणी लागते.

कापड मलमल, व्हॉइल किंवा वापरून मऊ झालेल्या सुती शर्टाचं घ्या. सॅटिन दिसतं छान, पण ३ मिमी मायेतून (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडातून) त्याच्या दशा निघतात आणि शिवण उसवते. पहिल्या फ्रॉकला नकोच. छापील कापडावरचं फूल १ सेंमीपेक्षा मोठं असलं, तर अख्ख्या छातीवर एकच फूल येतं. कापड आधी धुवा. लाल, काळा आणि गडद निळा रंग मऊ प्लॅस्टिकमध्ये शिरतो आणि मग सहसा निघत नाही. ओलं पांढरं फडकं त्या कापडावर ठेवून इस्त्री फिरवा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा. पांढरं अस्तर लावलं तरी असा फ्रॉक बाहुलीच्या अंगावर महिनोन्‌महिने ठेवू नये.

मशीनला ६०/८ किंवा ७०/१० नंबरची सुई लावा, टाका १.५ ते २ मिमी. लांब टाक्याने गळ्याची गोलाई कोनाकोनाची होते, १.५ मिमीपेक्षा बारीक टाका चुकला तर उसवताना कापडच फाटतं. सुरुवातीलाच मशीनने कापड आत ओढलं, तर आधी चिंधीवर टीप मारा आणि दोरा न तोडता तिथूनच खऱ्या तुकड्यावर या. तेही जमलं नाही तर खाली पातळ कागद धरून शिवा आणि नंतर फाडून काढा.

पेपर कटिंग (कापड बेतायचा कागदी नमुना) बाहुलीवरच तयार करा, कारण एकाच उंचीच्या बाहुल्यांच्याही छाती-कमरेत फरक असतो. धडाला किचनमधली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा, वर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावा. पुढचा आणि पाठीचा मध्य, खांदा, मुंढा (हात बाहेर येतो ती गोलाई), गळा, बगलेखालची रेघ आणि कंबर पेनाने आखून घ्या. पाठीच्या मध्यरेषेवर कापून कवच काढा, मग खांद्यांवर आणि बगलेखालच्या रेघांवर कापा. पुढचा भाग सपाट बसत नाही. छातीच्या उंचवट्यापर्यंत खालून चीर द्या. ती उघडते तितका टक्स (दुमडून शिवायची निमुळती चूण) घ्यायचा. बगलेच्या प्रत्येक कडेला १ ते २ मिमी ढील (सैलपणा), पाठीला एका बाजूने ६ मिमी जादा (बटणासाठी एकावर एक येणारा भाग) आणि सगळीकडून ६ मिमी माया. खांदा तयार झाल्यावर १ सेंमीपेक्षा अरुंद नको. कारण पुढे कळेल.

फ्रॉकचा कमरेपर्यंतचा वरचा भाग आणि त्याचं अस्तर दोन्ही बेता. टक्स घाला, दोन्हींचे खांदे वेगवेगळे जोडा. मग सुलट बाजू आतल्या आत ठेवून एका पाठीकडून वर, गळ्याभोवती, दुसऱ्या पाठीने खाली अशी सलग टीप मारा. दोन्ही मुंढे वेगळे शिवा. बगला आणि कंबर उघडीच. माया ३ मिमीवर छाटा आणि गोलाईत टिपेच्या १ मिमी अलीकडेपर्यंत काप द्या. काप विसरले की गळा उभा राहतो, इस्त्रीनेही बसत नाही. आता पाठीचे भाग खांद्याच्या बोगद्यातून चिमट्याने पुढे ओढून सुलटा. खांदा अरुंद असेल तर इथेच अडतं. शेवटी बगल: वरचं कापड वरच्याला, अस्तर अस्तराला, अशी एकच सरळ टीप.

ही बगलेची टीप हातानेही चालते. वरचं आणि अस्तर मिळून जेमतेम ८ सेंमी अंतर असतं; मशीन काढून दोरा ओवेपर्यंत २ मिमीच्या उलटटीपेने (प्रत्येक टाका थोडा मागे घेत घातलेल्या हातशिलाईने) निम्मं काम झालेलं असतं.

घेरासाठी २६ × १२.५ सेंमीचा आयत पुरतो, गुडघ्यापर्यंत येतो. आधी खालची कड ३ आणि मग ६ मिमी दुमडून शिवा, उभ्या कडाही दुमडून घ्या, चुण्या नंतर. वरच्या कडेला ४ मिमी टाक्याच्या दोन ओळी घाला, एक टिपेच्या जागेच्या वर, एक खाली. दोन्हींचे खालचे दोरे एकदम ओढा. एकाच ओळीवर चुण्या काढल्या तर त्या वळतात आणि जोडताना एका जागी गोळा होतात. घेर फक्त वरच्या कापडाला जोडा. अस्तराची कड आत दुमडून हातशिलाईने कमरेवर टाचा, म्हणजे एक पदर वाचला.

चुण्या ओढण्यापासून घेर जोडेपर्यंतचं काम मात्र सलग वेळ असेल तेव्हाच घ्या. मध्येच उठावं लागलं तर दोऱ्यांची टोकं टाचणीभोवती आठच्या आकड्यात गुंडाळा. बाकी कुठेही थांबता येतं. तुकडे एका झिप-पिशवीत, सोबत पुढची पायरी लिहिलेली चिठ्ठी. उलट बाजूवर खडूने ‘डावी’, ‘उजवी’ लिहा, कारण इतके छोटे पाठीचे तुकडे चार दिवसांनी ओळखू येत नाहीत. एका बैठकीत तीन फ्रॉक बेतून ठेवले, तर पुढच्या बैठकीत तिन्हींच्या टिपा एकाच दोऱ्याने होतात. उठण्यापूर्वी टाचण्या मोजा, विशेषतः घरात रांगणारं मूल असेल तर.

घेराची मागची शिवण खालून वर न्या, पण कमरेखाली ४ सेंमी उघडं ठेवा. बाहुलीला फ्रॉक सहसा पायांकडून चढवतात आणि नितंबावर तो तिथेच अडकतो. बंद करायला सगळ्यात लहान टिचबटणं, कमरेला एक आणि गळ्याशी एक. वेल्क्रोचे आकडे केसात अडकतात आणि मलमलीचे धागे ओढतात. बाहुली तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाणार असेल तर बटणच नको. पाठ बंद शिवून गळ्याला ३ मिमी इलॅस्टिक घाला, मात्र त्यासाठी वरचा भाग सैल बेतावा लागतो. पुढे बाह्यांचा फ्रॉक केला आणि बोटं बाहीत अडकली, तर हाताला प्लॅस्टिक फिल्मचा तुकडा गुंडाळून सरकवा आणि मग ओढून काढा.