अल्बममधलं पहिलं गाणं कोणतं काढायचं?

आमच्या पहिल्या अल्बमच्या वेळी आम्ही चुकीचं गाणं पुढे काढलं. अकरापैकी दहा गाणी डिस्टॉर्शनने भरलेली, दणदणीत. एकच हळवं होतं: अकूस्टिक गिटार, गायकाचा आवाज आणि शेवटची दोन मिनिटं ड्रमवर फिरणारे माझे ब्रश. मी ड्रम वाजवते. त्या गाण्यात मी सगळ्यात कमी वाजवलंय, तरी मलाही तेच सगळ्यात जास्त आवडायचं. घरच्यांना आवडलं, मित्रांना आवडलं, मग तेच लीड सिंगल झालं, म्हणजे अल्बमच्या आधी एकटं काढलेलं पहिलं गाणं. चाललंही. अल्बम आल्यावर पहिल्या शोला माणसं आली ती त्या एका गाण्यासाठी. तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतली एक मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. तरी गेली नाही, कारण तिचं गाणं अजून यायचं होतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही तिला एक शब्द दिला होता, आणि तो पाळणारी गाणी आमच्याकडे नव्हतीच.

त्यानंतर आम्ही आणखी दोन अल्बम केले, आणि मी ओळखीच्या तीन-चार बँडसोबतही निवडीला बसले. दर वेळी मी आधी एकच विचारते: हे गाणं आवडलं म्हणून कोणी अख्खा अल्बम लावला, तर दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापाशी त्याला फसवल्यासारखं वाटेल का? सगळ्यात चांगलं गाणं कोणतं, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

यू-टू या बँडचं १९९१ चं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. 'अख्तुंग बेबी' या अल्बममध्ये त्यांनी आवाजच बदलला होता. 'वन'सारखं, कोणालाही पहिल्या ऐकण्यात धरून ठेवेल असं गाणं त्याच अल्बमात होतं. तरी त्यांनी पुढे काढलं 'द फ्लाय': खरखरीत गिटार, गायकाचा आवाजसुद्धा ओळखू येणार नाही असा. 'वन' सिंगल म्हणून आलं ते १९९२ मध्ये. आम्ही बदललोय हे आधी सांगितलं, लाडकं गाणं मागे ठेवलं. तुमचा अल्बम आधीच्यापेक्षा वेगळा असेल तर हाच क्रम ठेवा. जुन्यासारखं वाटणारं एकमेव गाणं पुढे करून लोकांना आत बोलवू नका.

आता प्रत्यक्ष निवड. रफ मिक्स (गाण्यांची कच्ची जुळवणी) हातात आले की दोन आठवडे कोणीही ते ऐकायचे नाहीत. हे अवघड जातं, पण रेकॉर्डिंगचा थकवा कानातून गेल्याशिवाय मत देता येत नाही. ज्या गाण्याने स्टुडिओत छळलं त्याचा राग असतो, आणि जे एका टेकमध्ये झालं त्याच्यावर उगाच प्रेम बसतं. मग सगळ्यांनी एकत्र बसून अल्बम एकदाच, न थांबवता ऐकायचा आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन नावं लिहायची. अट अशी की स्वतः लिहिलेलं गाणं पहिल्या क्रमांकावर टाकायचं नाही. चिठ्ठ्या उघडेपर्यंत चर्चा नाही. चर्चा आधी झाली तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच गाणं निघतं, आणि बँडमध्ये असा एक जण असतोच.

चिठ्ठ्यांमधून तीन गाणी वर येतात. ती बाहेरच्या पाच-सहा जणांना ऐकवा. वाद्य वाजवणारे नकोत, ते स्नेअर ड्रमच्या आवाजावर बोलत बसतात. 'कोणतं आवडलं?' असं अजिबात विचारू नका, माणसं भिडेखातर उत्तर देतात. गाणी लावा, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा की कालचं काही गुणगुणता येतंय का. दुसऱ्या अल्बमच्या वेळी माझ्या मैत्रिणीने फोनवर जे गुणगुणलं ते गायकाची ओळ नव्हती, बास गिटारची चार सुरांची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) होती. आमच्यापैकी कोणाला ती रिफ विशेष वाटली नव्हती. मिक्समध्ये ती थोडी वर घेतली आणि तेच गाणं निवडलं.

ऐकवताना चेहऱ्यापेक्षा पायाकडे लक्ष द्या. त्याच मैत्रिणीचा पाय दुसऱ्या एका गाण्याला सुरुवातीपासून ठेका धरून होता. पहिला कोरस (ध्रुवपद) संपला, त्यानंतर गिटारचे आठ बार (तालाची आवर्तनं) निव्वळ मोकळे होते, आणि पाचव्या बारला पाय थांबला. ती पुढेही मान डोलावत होती, पण पाय परत सुरू झाला नाही. आम्ही ते आठ बार चारवर आणले.

शोमध्येही करून बघा. नवं गाणं सेटमध्ये तिसरं किंवा चौथं ठेवा. पहिल्याला लोक स्थिरावत असतात आणि शेवटच्याला कशालाही ओरडतात. ड्रमच्या मागून मला अख्खी खोली दिसते, मी बघते ते मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांकडे. पुढच्या रांगेतले आपलेच असतात. मागचे भिंत सोडून दोन पावलं पुढे आले तर त्या गाण्यात काहीतरी आहे.

लांबीवरून भांडणं होतात, तेव्हा इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. द डोर्स या बँडने १९६७ मध्ये आधी 'ब्रेक ऑन थ्रू' काढलं, ते फारसं चाललं नाही. मग सुमारे सात मिनिटांचं 'लाइट माय फायर' मधली लांबलचक वादनं कापून तीन मिनिटांच्या आत बसवलं, आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. उलट क्वीनने १९७५ मध्ये ५ मिनिटं ५५ सेकंदांचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' कापायला नकार दिला, आणि ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिलं राहिलं. माझं मत असं: वादनाचे फेरे कापले तरी गाणं उरतं. पण जिथे प्रत्येक भाग पुढच्या भागाची तयारी करतो, ते गाणं कापू नका, सरळ दुसरं निवडा.

कापायचंच असेल तर सेकंद मोजू नका, बार मोजा. आणि तयार स्टीरिओ मिक्सवर कात्री चालवू नका. कापलेल्या जागेच्या आधी क्रॅश (मोठी झांज) वाजला असेल तर त्याची घुमण मध्येच तुटते. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण गचका बसतो. इंजिनिअरला मूळ ट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या रेकॉर्डिंगवर, कापायला सांगा, म्हणजे झांजेची शेपूट जोडावरून पुढे नेता येते. मी आता स्टुडिओतून उठण्याआधी प्रत्येक गाण्याच्या टेम्पोला एकेक क्रॅश मोकळा वाजवून ठेवते, पूर्ण विरेपर्यंत.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम धरला जातो. त्यामुळे कोरसच सुरुवातीला आणा असा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. तीस सेकंदांच्या आत गाण्याची ओळख पटवणारं काहीतरी यायला हवं, एवढंच पुरे. ती रिफ असेल, आवाज असेल, एखादं वाद्य असेल. आर.ई.एम. या बँडने १९९१ मध्ये 'लूझिंग माय रिलिजन' पुढे काढलं, त्यात रूढ अर्थाने कोरसच नाही. पहिल्या काही सेकंदांत मँडोलिन वाजतं आणि गाणं ओळखू येतं. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

तारखेचं काम कंटाळवाणं आहे, पण चुकलं तर महाग पडतं. अल्बमच्या चार ते सहा आठवडे आधी पहिलं गाणं काढा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, मी चार आठवडे धरते. अल्बममध्ये तेच रेकॉर्डिंग येणार असेल तर आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तोच ठेवा, नावही अक्षरशः तेच, म्हणजे आधीचे स्ट्रीम अल्बमसोबत मोजले जातात. कापलेली आवृत्ती हे वेगळं रेकॉर्डिंग, त्याला वेगळा क्रमांक. हे आम्हाला माहीत नव्हतं आणि दुसऱ्या अल्बमच्या वेळी एकाच गाण्याचे आकडे दोन ठिकाणी विभागले गेले.

आणि पहिलं गाणं सगळ्यात मोठं होईलच असं धरून चालू नका. निर्वाणा या बँडच्या रेकॉर्ड कंपनीला वाटलं होतं की 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' त्यांच्या नेहमीच्या ऐकणाऱ्यांसाठी, आणि दूरवर पोहोचेल ते नंतरचं 'कम ॲज यू आर'. झालं उलटंच. पण निवड योग्यच होती, कारण पहिलं गाणं आपल्या माणसांना उद्देशून होतं.

आम्ही चौघं आहोत, त्यामुळे मतं दोन-दोन अशी अडकतात. तेव्हा गायक ठरवतो. पुढची दोन वर्षं ते गाणं रोज त्याच्या गळ्यातून जाणार असतं, झोप झालेली नसताना, सर्दी झालेली असताना, सेटच्या शेवटी. दुसऱ्या अल्बमचं सिंगल स्टुडिओत त्याने चढ्या सुरात सुंदर गायलं होतं, आणि सहाव्या शोपासून आम्हाला ते अर्धा सूर खाली उतरवावं लागलं. आता शेवटची निवड करण्याआधी तो तिन्ही गाणी सलग दोनदा गाऊन बघतो. तिसऱ्या अल्बमला मी आणि बासिस्ट एकीकडे, ते दोघं दुसरीकडे. त्याने आम्ही नको म्हटलेलं गाणं निवडलं. त्या रात्री घरी जाऊन मी अल्बम पुन्हा ऐकला, आधी ते गाणं आणि मग बाकीची नऊ, आणि एकाही गाण्याला मला ती कानांवर हात ठेवलेली मुलगी दिसली नाही. सकाळी इंजिनिअरला फोन करून मास्टरिंगसाठी तेच आधी घ्यायला सांगितलं.