निवडणुकीत गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा सांभाळायचा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातल्या आमच्या गावाचा ग्रुप मी सहा वर्षांपासून सांभाळतोय, मेंबर चारशेच्या वर. एरवी त्यात केळीचा भाव, विजेची डीपी जळाली, कोणाची म्हैस सुटली, कोणाकडे गंधमुक्ती (मृत्यूनंतरचा विधी) आहे असं सगळं चालतं, पण निवडणूक लागली की आठ दिवसांत तोच ग्रुप ओळखू येत नाही. ज्यांच्या गळ्यात ॲडमिनपद पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, जे करून बघितलं आणि ज्याचा उपयोग झाला तेवढंच.

ज्यांना वाटतं एका फॉरवर्डने काय होतं, त्यांनी राईनपाडा आठवा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे आहेत अशा संशयावरून जमावाने मारून टाकले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. तशा अफवा आधी कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होत्या. देशात त्या वर्षी अशा बऱ्याच घटना झाल्या, पण ह्या घटनेनंतर दोनच दिवसांत केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला तंबी दिली, आणि त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल असं ठरलं. पुढे जानेवारी २०१९ पासून जगभर तोच नियम लागला. म्हणजे आज कुठल्याही देशातला माणूस सहाव्या चॅटला टिक करायला जातो आणि फोन अडवतो ना, त्यामागे आपल्या साक्री तालुक्यात गेलेले पाच जीवही आहेत. मी ॲडमिन म्हणून ही गोष्ट कधी विसरत नाही.

आता काम. आचारसंहिता लागायच्या आधीच ॲडमिन वाढवा, आणि एकाच गटाचे नकोत. गावात दोन पार्ट्या असतील तर दोन्हीकडचा एकेक, शिवाय बचत गटातली एखादी ताई. माझ्या मते बाकी सगळं जमलं नाही तरी चालेल पण हे कराच, कारण ॲडमिन एकाच बाजूचा असला की तो खरा मेसेज उडवो की खोटा, लोक म्हणणार की आमचाच उडवला. ॲडमिनला आता कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तर आम्ही ठरवलंय की समोरच्या पार्टीच्या माणसाचा मेसेज आपण उडवायचा नाही, तो त्यांच्याच ॲडमिनने उडवायचा आणि आपल्या माणसाचा आपण. सुरुवातीला जड गेलं, एकदा रात्री दीडपर्यंत फोनवर वाद झाला, पण नंतर भांडणं निम्म्यावर आली. नवीन मेंबर ॲडमिनच्या मंजुरीशिवाय आत येणार नाही ही सेटिंगही चालू करा, निवडणुकीत बाहेरचे नंबर लिंकवरून घुसतात आणि दोन पोस्ट टाकून निघून जातात.

ॲडमिनवर केस होते का, हे मला सगळे विचारतात. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलंय की मेंबरने काही टाकलं म्हणून ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, दोघांचं आधी ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे घाबरून ग्रुप बंद करू नका. आणि कोणी कार्यकर्ता आयटी कायद्याच्या ६६ अ कलमाची धमकी देत असेल तर ते कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. बाकीची कलमं आहेत, म्हणून शिवीगाळ आणि जातीधर्मावरचं काही दिसलं की लगेच उडवायचंच.

मेसेज तपासायचा कसा ते जरा सविस्तर सांगतो. आधी वर बाण बघा, दोन बाण असतील तर तो मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलाय, आणि असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. दोन बाण म्हणजे खोटं असं नाही, पण टाकणाऱ्याने स्वतः बघितलेलं नाही एवढं नक्की. मागच्या ग्रामपंचायतीला रात्री अकराला आमच्या ग्रुपवर नोटांची बंडलं मोजतानाचा व्हिडिओ आला, खाली लिहिलेलं की काल रात्री आपल्या गावात अमक्याच्या खळ्यात. पंधरा मिनिटांत ऐंशी मेसेज. मी व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला आणि माणसांकडे न बघता मागे बघितलं, तर खिडकीतून एक बस दिसत होती आणि तिच्यावरची अक्षरं गोल गोल, तेलुगू. मग त्याच फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला टाकला तर तोच व्हिडिओ दोन वर्षं जुना निघाला. बसवर लाल गोल करून फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा कुठे शांत झालं. तोवर त्या उमेदवाराची आई घरी रडत बसलेली, हे मला सकाळी कळलं.

तर मागे बघायचं. दुकानाची पाटी, एसटीचा रंग, खांबावरचे बोर्ड, पीक कोणतं उभं आहे, आणि गाडीचा नंबर. एमएच १९ जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार हे आपल्याकडे पोरांनाही पाठ असतं, आणि धुळ्याचा म्हणून आलेल्या व्हिडिओत एकही १८ ची गाडी नसेल तर थांबा. ऑडिओला मात्र मागे बघायला काही नसतं आणि आता आवाज हुबेहूब बनवता येतो, म्हणून ऑडिओबाबत मी कडक आहे, कोणत्या सभेतलं आणि कोणत्या तारखेचं हे टाकणाऱ्याने सांगितलं नाही तर उडवतो. निवडणूक आयोगानेही मे २०२४ मध्ये पक्षांना सांगितलंय की असला बनावट मजकूर लक्षात आल्यावर तीन तासांत काढा. फेसबुकवरची जाहिरात असेल तर मेटाची ॲड लायब्ररी उघडून पेजचं नाव टाका, पैसे कोणाच्या नावाने भरले ते कोणालाही फुकटात दिसतं.

मतदानाची तारीख, यादीतून नावं उडाली, बूथ बदलला, असले मेसेज सगळ्यात घातक कारण म्हातारी माणसं घरीच बसून राहतात. इथे एक घोळ नेहमी होतो. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका राज्य निवडणूक आयोग घेतो, दोन वेगळी ऑफिसं. कोणत्या निवडणुकीचा मेसेज आहे ते बघून त्या आयोगाचं पत्र मागा. यादीतलं नाव भारत निवडणूक आयोगाच्या ॲपवर (आधी वोटर हेल्पलाइन, आता ईसीआयनेट) बघता येतं, ॲप जमत नसेल तर १९५० ला फोन लावा. आणि लोकसभा-विधानसभेला पैसे, दारू वाटताना कोणी दिसलं तर ग्रुपवर टाकण्याऐवजी आयोगाच्या सी-व्हिजिलवर तक्रार टाका. त्यात गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, जागेवरच काढावा लागतो, नाव लपवता येतं आणि १०० मिनिटांत निपटारा करायचा असं ठरलेलं आहे. ग्रुपवर टाकलं की भांडण होतं.

दुसरी मोठी गोष्ट आधार. देशातलं पहिलं आधार आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळालं, २९ सप्टेंबर २०१०, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी दोघंही आले होते. आज जवळपास प्रत्येक योजना आधार, बँक खातं आणि मोबाईल नंबरला बांधलेली आहे, त्यामुळे तुमचा नंबर ज्याच्याकडे तो निवडणुकीत तुमच्या दारात न येता तुमच्याशी बोलू शकतो. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म भरताना आमच्या ग्रुपवर बायकांच्या आधारचे आणि पासबुकाचे फोटो सरळ पडत होते, 'दादा माझा भरून द्या' म्हणून, आणि चारशे लोक ते बघत होते. मी एकेक डिलीट करत बसलो, पण कोणी सेव्ह केले असतील तर ते कोण परत आणणार. म्हणून नियम पिन करून ठेवा: आधार, पासबुक, ओटीपी ग्रुपवर नाही. द्यायचीच वेळ आली तर मास्क केलेलं आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. सर्व्हेच्या नावाखाली कोणी घरातल्या सगळ्यांचे नंबर लिहून घेत असेल तर कोणासाठी घेतोय ते विचारा आणि सांगत नसेल तर देऊ नका.

अफवा पसरूनच गेली असेल तर नुसतं 'फेक आहे' लिहून भागत नाही. त्याच फोटोवर मोठ्या अक्षरांत खोटं असं लिहून तो टाका, आणि सोबत अहिराणीत व्हॉइस नोट, अर्ध्या मिनिटाची. आमच्याकडे लिहिलेलं कोणी वाचत नाही पण आवाज सगळे ऐकतात, आणि ज्या आजी मला फोन करून 'हाई खरं शे का?' विचारतात त्यांना उत्तरही तसंच लागतं. सातपुड्याकडच्या पाड्यांवर पावरी, भिली बोलणारा माणूस गाठून त्याच्याकडून करून घ्या. जिथे रेंजच नाही तिथे कोणाला तरी गाडीवर पाठवा, कारण अफवा बाजारातून पायी पोचते. अनोळखी माणसावर संशय असं काही दिसलं तर आधी पोलीस पाटील आणि ११२, ग्रुप नंतर.

आणि ग्रुप नुसता आवरत बसू नका, त्यावरून प्रश्नही विचारा. ई-ग्रामस्वराजच्या साईटवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. मी त्यातल्या एका गटारीच्या कामाचा स्क्रीनशॉट आणि त्या जागेचा फोटो शेजारी शेजारी टाकला, एक शब्द न लिहिता. पुढच्या ग्रामसभेला कोरम भरला, जो एरवी भरत नाही, १५ टक्के मतदार किंवा १०० यातलं जे कमी तेवढे लोक लागतात. उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या साईटवर असतात, गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं, ती सगळ्या उमेदवारांची एकाच वेळी टाका, एकट्याचं टाकू नका.

मतदानाआधीचे शेवटचे ४८ तास ग्रुप फक्त ॲडमिनसाठी ठेवा. निकालाच्या दिवशीही दुपारपासून तसाच, मिरवणूक, गुलाल, टोमणे काही नको. आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी उघडतो आणि पहिला मेसेज दोन्हीकडच्या ॲडमिननी आधीच ठरवलेला असतो, मागच्या वेळी तो पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हचा होता, कोणाकडे पाना आहे का म्हणून, आणि हरलेल्या उमेदवाराचा भाऊ पाना घेऊन आला.