गाणाऱ्याच्या आवाजासाठी एसपीएक्स ९०चा प्रोग्राम कसा घडवावा

यामाहाचे एसपीएक्स ९० हे आवाजाला निनाद (रिव्हर्ब) आणि इतर परिणाम देणारे डिजिटल इफेक्ट यंत्र १९८०च्या दशकाच्या मध्यावर आले आणि जुन्या साउंडवाल्यांच्या रॅकमध्ये ते आजही चालू स्थितीत भेटते. त्यातील १ ते ३० हे प्रोग्राम (म्हणजे आकड्यांच्या तयार मांडण्या) कंपनीने कायमचे भरलेले असून ते पुसता येत नाहीत; ३१ ते ९० या साठ जागा मात्र वापरणाऱ्यासाठी मोकळ्या आहेत. मी पाहिलेल्या कितीतरी यंत्रांत या जागांना कोणी हातही लावलेला नसतो आणि भजन असो वा नाट्यगीत, पहिल्या क्रमांकाच्या ‘हॉल’ या मोठ्या सभागृहाच्या निनादावरच सगळे कार्यक्रम उरकले जातात. हा गाणाऱ्याच्या आवाजावर अन्याय आहे.

आधी जोडणी तपासावी. मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून, म्हणजे चॅनेलमधला आवाज बाहेरच्या यंत्राकडे पाठवणाऱ्या वाटेने, यंत्राला सिग्नल द्यावा आणि यंत्राची दोन्ही आउटपुट मिक्सरच्या दोन मोकळ्या चॅनेलवर घ्यावीत. ऑक्स पोस्ट-फेडर, म्हणजे चॅनेलच्या फेडरनंतर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीनंतर) निघणारा असावा, म्हणजे गायकाचा फेडर खाली आणला की त्याचा निनादही बरोबर खाली येतो. परतीच्या त्या दोन चॅनेलवर हाच ऑक्स पूर्ण बंद ठेवावा. नाहीतर यंत्राचा आवाज यंत्रातच फिरत राहतो आणि शिट्टी बसते. मूळ आवाज मिक्सरमधून थेट जातच असल्यामुळे यंत्रावरील ‘बॅलन्स’ १०० टक्के ठेवावा, म्हणजे यंत्रातून फक्त निनादच बाहेर येतो.

आता मेमरीच्या बाणांनी ३ हा क्रमांक आणून ‘रिकॉल’ दाबावे. हा गळ्यासाठी केलेला ‘व्होकल’ प्रोग्राम आहे आणि सुरुवातीला तोच सोयीचा पडतो. ‘पॅरामीटर’ची कळ पुन्हा पुन्हा दाबली की निनादाचा काळ, उच्च स्वरांचे प्रमाण, प्रारंभीचा विलंब आणि दोन फिल्टर अशा पाच गोष्टी एकामागून एक समोर येतात. एका वेळी एकच बदलावी आणि ती बदलताना गायकाला गात राहायला सांगावे, कारण ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ ऐकून लावलेला निनाद गाण्याला क्वचितच बसतो.

पहिला ‘रेव्ह टाइम’. आवाज थांबल्यावर त्याचा निनाद ६० डेसिबलने उतरायला लागणारा काळ म्हणजे हा आकडा. तो २ सेकंद ठेवला तर निनाद सेकंदाला ३० डेसिबल या गतीने विरतो. द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर पडत असतील, तर एक स्वर सुटून दुसरा लागेपर्यंत आधीच्या स्वराचा निनाद पावणेचार डेसिबलच उतरलेला असतो. त्याच्यावर दुसरा, तिसरा, चौथा स्वर चढत जातो आणि गायकाने वर्षानुवर्षे घासून दाणेदार केलेली तान श्रोत्यांपर्यंत चिखल होऊन पोहोचते. म्हणून तानांच्या गाण्याला मी १.४ ते १.६ सेकंदांच्या वर जात नाही. संथ अभंगाला २.२ सेकंद शोभतात. गोव्यातील किंवा कोकणातील देवळाच्या दगडी सभामंडपात वास्तूचाच निनाद पुरेसा असतो, तिथे ०.८ सेकंद पुरतात आणि पुष्कळदा तेवढेही लागत नाहीत.

विलंबाचा ‘डिले’ हा आकडा माझ्या मते सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मूळ आवाज आणि निनादाची सुरुवात यांमधील हे अंतर ०.१ ते ५० मिलिसेकंदांपर्यंत ठेवता येते. ३० मिलिसेकंदांत ध्वनी सुमारे दहा मीटर जातो. म्हणजे एवढा विलंब दिला की भिंती गायकापासून दूर सरकल्यासारख्या वाटतात, शब्दाचे पहिले व्यंजन कोरडे आणि स्वच्छ ऐकू येते आणि निनाद त्याच्या मागून येतो. शब्द कळत नाहीत अशी तक्रार आली की बहुतेक जण निनादच कमी करतात. त्याआधी हा विलंब ५ वरून ३० वर नेऊन ऐकावे.

‘हाय’चे प्रमाण ०.१ ते १.० असते. ते ०.६ ठेवल्यास वरच्या पट्ट्यातील निनाद एकूण काळाच्या साठ टक्क्यांतच विरतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची फुसफूस मागे रेंगाळत नाही. गायकाच्या माइकमध्ये डग्ग्याचा घुमारा आणि पेटीचा खर्ज शिरतातच, त्यामुळे एचपीएफ हा खालचे सूर कापणारा फिल्टर १५० हर्ट्झच्या आसपास आणावा. एलपीएफ हा वरचे सूर कापणारा फिल्टर ७–८ किलोहर्ट्झवर ठेवावा.

एवढे झाल्यावर दुसरा प्रोग्राम रिकॉल करण्यापूर्वीच हे जपून ठेवावे, अन्यथा केलेले बदल जातात. मेमरीचे बाण दाबून ३१ किंवा पुढचा मोकळा क्रमांक आणावा आणि ‘स्टोअर’ दाबावे. ‘युटिलिटी’मध्ये जाऊन प्रोग्रामला नावही देता येते. ही मेमरी आतल्या लिथियम बॅटरीवर जगते आणि जुन्या यंत्रातली बॅटरी कधी ना कधी संपतेच. एका मैफलीच्या दुपारी यंत्र सुरू केले तेव्हा माझे सगळे प्रोग्राम नाहीसे झाले होते. तेव्हापासून पाचही आकडे वहीत लिहून ती वही रॅकच्या झाकणातच ठेवतो.

सभागृह भरल्यावर माणसांच्या अंगाने आणि कपड्यांनी ध्वनी शोषला जातो, तेव्हा पहिल्या गाण्यात परतीचे फेडर थोडे वर न्यावे लागतील. निवेदक बोलायला उठला की मात्र यंत्रावरील ‘बायपास’ दाबू नये. बायपासमध्ये निनाद जातो, पण आत आलेला कोरडा आवाज जसाच्या तसा बाहेर पडून परतीच्या चॅनेलवर येतो आणि मूळ आवाजात मिसळून तो एकदम मोठा करतो. अशा वेळी परतीचे दोन्ही फेडर हळूच खाली ओढावेत आणि तानपुरे पुन्हा सुरू झाले की पूर्वीच्या खुणेवर आणावेत.