एमबीएचा अर्ज पाठवून झाला, आता काही बदलायचं असेल तर?

रात्री उशिरा 'सबमिट' दाबलं आणि सकाळी चहा घेताना लक्षात आलं, जुन्या नोकरीची तारीख चुकलीय. परदेशी बिझनेस स्कूलला अर्ज करणाऱ्या अनेकांची ही गत होते. लगेच मेल लिहायला बसू नका.

आधी ठरवा, ही चूक आहे, नवी माहिती आहे की नुसती हळहळ? तारीख, पगार, सीजीपीए चुकला तर ती चूक. बढती मिळाली किंवा जीमॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण वाढले तर नवी माहिती. निबंधातलं तिसरं वाक्य आता आवडत नाही, ही हळहळ. ती गिळायची.

मग संस्थेचा नियम वाचा. काहींच्या पोर्टलवर भर घालायची सोय असते, काही मेल घेतात, काही निकालापर्यंत काहीच स्वीकारत नाहीत. 'पाठवू नका' म्हटलं असेल तर बढतीची बातमी स्वतःजवळच ठेवा. तथ्याची चूक मात्र कळवायचीच, आणि त्याच दिवशी. प्रवेशानंतर बऱ्याच संस्था कागदपत्रं त्रयस्थाकडून तपासून घेतात. तिथे तफावत निघाली तर मिळालेली जागाही जाऊ शकते. आपल्याकडे हमखास अडतं ते नावात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, पासपोर्टवर त्याची जागा वेगळी. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव हवं. तसं नसेल तर कळवा.

परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर दिवस मोजा. दोन जीमॅटमध्ये किमान १६ दिवसांचं अंतर लागतं, जीआरई या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेला २१. शिवाय अधिकृत गुण हाती यायला काही दिवस जातात. अर्ज फेऱ्यांमध्ये घेतले जातात, त्यातल्या दुसऱ्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला असते. पुढची तारीख आधीच घेतली असेल तर ती अर्जातच लिहून ठेवणं शहाणपणाचं. ६४५ चे ६५५ झाले म्हणून फार काही बिघडत-सुधरत नाही, पण ६९५ झाले तर जरूर कळवा.

आता मेल. विषयाच्या ओळीत नाव, अर्ज क्रमांक, फेरी. आत चार-पाच ओळी पुरेत:

'मी दुसऱ्या फेरीत अर्ज केला आहे. अर्जात नोकरीची शेवटची तारीख ३० जून अशी पडली आहे. ती ३१ जुलै हवी. अनुभव-पत्र सोबत जोडले आहे. चुकीबद्दल क्षमस्व.'

'रिस्पेक्टेड सर-मॅडम' आणि 'काइंडली डू द नीडफुल' ही आपली सरकारी इंग्रजी इथे नको. कारणांची रामकहाणीही नको. बढती कळवताना पदाच्या नावापेक्षा काम सांगा: हाताखाली किती माणसं आली, कोणता निर्णय आता तुम्ही घेता.

सगळ्या दुरुस्त्या एकाच मेलमध्ये जाऊ द्या. म्हणून पाठवण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ एकदा सावकाश वाचा, शक्यतो दुसऱ्याकडून वाचून घ्या. पोच आली की जपून ठेवा.

वेटलिस्टवर नाव आलं तर गणित बदलतं. तिथे काही संस्था स्वतःच नवी माहिती मागतात. राखून ठेवलेली बढती तेव्हा कामी येते.