बारा बोअरच्या बंदुकीला काडतूस कोणतं घ्यावं आणि कोकणच्या पावसात ते कसं टिकवावं

परवान्यावर ‘१२ बोअर’ लिहिलेलं असतं, दुकानदार तेवढंच विचारतो आणि आपण डबा घेऊन घरी येतो. नव्या बंदुकीला हे बहुतेक वेळा चालून जातं. पण लांजा-राजापूरपासून सावंतवाडीपर्यंत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या काडतुसी बंदुकांत आजोबांच्या काळच्या विलायती दुनळ्या बऱ्याच आहेत, आणि त्यांच्या बाबतीत नुसतं ‘बारा’ पुरत नाही. काडतूस बंदुकीशी चार बाबतींत जुळावं लागतं: बोअर, लांबी, दाबाची क्षमता आणि छऱ्याचा आकार. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी, ती इथे नाही.

आधी बंदूक वाचा

बंदूक रिकामी आहे याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी करा. दुनळी असेल तर पुढचा लाकडी भाग काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. नळ्यांच्या खालच्या बाजूला, मागच्या टोकाशी एक सपाट पट्टी असते. तिथे जुनं तेल आणि मळ साचून काळा थर बसतो. तो केरोसीनच्या बोळ्याने पुसा, सँडपेपर लावू नका. खालचे ठसे हाच बंदुकीचा दाखला, आणि ते एकदा घासले गेले की परत मिळत नाहीत.

तिथे तीन गोष्टी शोधायच्या. पहिली बोअर, म्हणजे १२. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. व्यास साधारण १८.५ मिमी. आकडा वाढला की नळी बारीक होते: २० बोअरचा व्यास १५.६ मिमी.

दुसरी चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या घराची, लांबी. ती ६५, ७० किंवा ७६ अशी मिलिमीटरमध्ये असते, नाहीतर २½, २¾, ३ अशी इंचात. तिसरी गोष्ट नळी कोणत्या दारूसाठी तपासली आहे ती. ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द किंवा मुकुटाखाली ‘एनपी’ ही रोमन अक्षरं दिसली, तर तयार होताना ती आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासली गेली होती. तसं काही नसेल आणि नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसत असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी असण्याची शक्यता मोठी आहे. अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. तिच्यात आजचं काडतूस घालू नये. जाणकार बंदूकसाजाने तपासून लेखी दिल्याशिवाय ती भिंतीवरच बरी. नायट्रोचा ठसा असला तरी तो त्या दिवसापुरता असतो. त्यानंतर नळी आतून गंजाने खाल्ली गेली असेल, पोचा पडला असेल, तर ठशाचा काही उपयोग नाही.

काही नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं आढळतं. तोंडाशी नळी आवळलेली आहे, अखंड गोळी घालू नका, एवढाच त्याचा अर्थ.

लांबीचा घोटाळा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. डब्यावर ‘७० मिमी’ छापलेलं असतं ती काडतूस उडाल्यानंतरची, तोंड पूर्ण उघडल्यावरची लांबी. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते ६० मिमीच्या आसपासच भरतं. म्हणून ७० मिमीचं काडतूस ६५ मिमीच्या चेंबरमध्ये अलगद बसतं, बंदूक बिनतक्रार मिटते, आणि ‘बसलं म्हणजे चालतं’ असं वाटतं.

घोडा पडल्यावर दुमडलेलं तोंड पुढे उघडतं. चेंबर जिथे संपतं तिथे नळी निमुळती होत जाते. ६५ च्या चेंबरमध्ये ७० मिमीची किनार त्या निमुळत्या भागात घुसते आणि छरे आणि वॉड (दारू आणि छरे यांच्यामधली गादी) जाण्याची वाट अरुंद करते. दाब वाढतो. एका बारात नळी फुटेलच असं नाही, पण खांद्याला नेहमीपेक्षा जोरात धक्का बसणं, नळ्या आणि दस्ता यांच्या सांध्यात हळूहळू फट पडणं, उडालेल्या काडतुसाची किनार फाटलेली किंवा पातळ ओढली गेलेली दिसणं, ही त्याची लक्षणं. शिवाय ७० मिमीत भरणाही बहुधा जास्त असतो: ६५ मिमीत साधारण ३० ग्रॅम छरे, तर ७० मध्ये ३२ ते ३६ ग्रॅम.

उलटं चालतं. ७० च्या चेंबरमध्ये ६५ मिमीचं काडतूस उडवता येतं. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये मात्र डब्यावर तसं स्पष्ट छापलेलं असेल तरच.

ठसा वाचताच येत नसेल, तर रिकाम्या नळीत मागून टॉर्च मारून बघा. काही सेंटीमीटर आत एक कडं दिसतं, तिथे चेंबर संपतं. पट्टीने मापल्यास अंदाज येतो, पण अंदाजच. पाच मिलिमीटरचा फरक नेमका सांगायला चेंबर-गेज लागतो आणि तो परवानाधारक बंदूकसाजाकडे असतो.

वीसचं काडतूस बाराच्या घरात नको

एकाच घरात किंवा शेजारी दोन बोअरच्या बंदुका असतील तर हे आधी पाळा. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या चेंबरमधून सरकून पुढे नळीत अडकतं. चेंबर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, म्हणून तो मागून बाराचं काडतूस घालतो, आणि बार काढल्यावर नळी पुढच्या हाताजवळ फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात बनवण्याचा प्रघात पडला. पण गरज पडते रात्री, बॅटरीच्या उजेडात, आणि तेव्हा रंगावर भरवसा ठेवता येत नाही. डबे वेगळे, खण वेगळे, आणि खिशात एका वेळी एकाच बोअरची काडतुसं.

छरे किती नंबरचे

नंबर वाढतो तसा छरा बारीक होतो. इंग्लिश मापात ४ नंबर ३.१ मिमी, ५ नंबर २.८, ६ नंबर २.६. अमेरिकन मापाचा ६ नंबर थोडा जाड, २.८ मिमीच्या जवळ, म्हणून डब्यावर मिलिमीटर दिले असतील तर तेच बघावेत. ३० ग्रॅमच्या काडतुसात ६ नंबरचे साधारण २८५ छरे असतात, ४ नंबरचे १८०, आणि ‘एसजी’ या जाड छऱ्याचे आठ-नऊच, पण प्रत्येक ८.४ मिमी जाड.

डुकराचं नाव निघालं की लोक सरळ एसजी मागतात. दोन गोष्टी ध्यानात घ्या. रानडुक्कर असो की माकड, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. आणि दुसरी गोष्ट अंतराची. ६ नंबरचा छरा चढा उडाला तर दोनशे मीटरच्या आसपास खाली येतो, एसजी सहाशे मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. कोकणातली वाडी उतारावर असते. वर कलमांची बाग, खाली घरं, मधून पाणंद, आणि झाडीमुळे काहीच दिसत नाही. आवाजाने जनावर पिटाळण्यासाठीच परवान्याच्या अटींत राहून बार काढायचा असेल, तर ३० ग्रॅमचं ६ किंवा ७ नंबरचं काडतूस पुरतं. आवाज एसजीने फारसा वाढत नाही.

रिकामं नळकांडं घरी भरू नका

काडतूस महाग आणि दुकान दूर, म्हणून ‘नवी टोपी (बुडातला, घोडा आपटल्यावर दारू पेटवणारा भाग) बसवून भरून घेऊ’ हा विचार येतोच. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गंभीर गुन्हा आहे आणि शिक्षा वर्षांच्या मापात मोजली जाते. तांत्रिक कारणही तितकंच ठोस आहे. टोप्या दिसायला सारख्या, मापाला नाहीत. पिस्तुलाच्या काडतुसाची लहान टोपी ४.४५ मिमी व्यासाची, मोठी ५.३३. आजच्या छऱ्याच्या काडतुसाची ‘२०९’ त्याहून मोठी, साधारण ६.२ मिमी, आणि तिची रचनाच वेगळी. चुकीची टोपी सैल बसली तर मागून जळता वायू तोंडावर येतो. वर उरली तर बंदूक मिटतानाच बार होऊ शकतो. खोल गेली तर घोडा पोचत नाही.

म्हणून विकत घेतलेलं काडतूसही तपासून घ्या. स्टीलच्या पट्टीची सरळ कड बुडावर आडवी धरा. टोपी बुडाच्या पातळीत किंवा केसभर खाली हवी. पट्टी टोपीवर डुगडुगली तर ते काडतूस बाजूला. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल असो की आयात केलेला, डबा सीलबंद घ्या, लांबी, ग्रॅम, नंबर आणि लॉट वाचा, आणि परवान्यावर खरेदीची नोंद होते आहे ना ते तिथेच बघा.

आगोटीत काडतुसांचंही बघा

कोकणात काडतूस खराब होतं ते दमट हवेने आणि खाऱ्या वाऱ्याने. पितळी बूड हिरवं पडतं, पितळी मुलामा दिलेलं लोखंडी बूड गंजतं, कागदी नळकांडं फुगतं. प्लास्टिकचं फुगत नाही, पण दुमडीच्या मधल्या बारीक छिद्रातून दमट हवा आत जाते.

मिरग लागण्यापूर्वी, कोरड्या दिवशी दुपारी, सगळी काडतुसं फडक्याने पुसा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत मूळ डब्यासकट ठेवा. पाच लिटरच्या बरणीला ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी पुरते, आणि ती ऑगस्टच्या मध्याला बदलावी. बरणी वारंवार उघडली तर जेल पंधरा दिवसांत संपतं, म्हणून हाताशी लागणारी चार-सहा काडतुसं वेगळ्या लहान डब्यात ठेवा. सगळं कुलपात, आणि बंदुकीपासून वेगळ्या कुलपात. वेल्डिंग केलेली जाड लोखंडी पेटी नको: आग लागली तर आतला दाब कोंडतो.

चुलीवरच्या माळ्यावर कोरडं राहतं खरं, पण तिथली रोजची ऊब-गारवा दारूला मानवत नाही. उन्हात वाळत घालणं तर नकोच. काडतुसाला तेल किंवा गंज सोडवणारा फवारा लावू नका. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि टोपी मरते.

वापरण्यापूर्वी काडतूस चेंबरमध्ये सोडून बघा, नळ्या दस्त्यापासून काढलेल्या असताना. स्वतःच्या वजनाने आत जावं, उलटं केल्यावर बाहेर पडावं. अडकणारं फुगलेलं आहे. घासून बारीक करून घालू नये.

नळीतूनही उजेडाकडे बघायला विसरू नका. कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या बंदुकीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि ते एक घर नळी फोडायला पुरेसं असतं.

बार झाला नाही तर

घोडा पडला आणि नुसता ‘टक’ झाला, तर बंदूक लगेच उघडू नका. दमट दारू उशिरा पेट घेऊ शकते. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, मग तोंड बाजूला ठेवून उघडा. तेच काडतूस पुन्हा घालून बघू नका.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर जास्त सावध. वॉड किंवा छरे नळीतच राहिले असतील. दुसरा बार न काढता बंदूक रिकामी करा, नळीतून आरपार बघा, अडकलेलं काही दिसलं तर गजाने मागून पुढे ढकलून काढा. एका डब्यातली दोन काडतुसं अशी निघाली तर तो सगळा डबा बाद धरा.

बाद काडतुसं विहिरीत, खाडीत किंवा चुलीत टाकायची नाहीत, फोडून आतली दारूही काढायची नाही. परवान्यासकट विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात नेऊन जमा करा, आणि जमा केलेला आकडा पोचपावतीवर लिहून घ्या.