फोकस आधी लावावा: दादरच्या फुलबाजारात फोटो काढताना

दादर स्थानकाच्या पश्चिमेला पहाटे फुलबाजार भरतो, तेव्हा तिथे कॅमेऱ्याचा ऑटोफोकस अनेकदा फसतो. डोक्यावर झेंडूची पाटी घेतलेला हमाल समोरून येत असतो, पाटीच्या सावलीत त्याचा चेहरा झाकोळलेला असतो आणि कॅमेरा मात्र पिवळ्याधमक फुलांनाच धरून बसतो. चेहऱ्यावर फोकस येईपर्यंत हमाल पुढे निघून जातो. आणि तेवढा वेळ आपण एका अनोळखी माणसावर कॅमेरा रोखून उभे राहिलेलो असतो, हे मला चुकलेल्या फोटोपेक्षा अधिक खटकते. म्हणूनच फोकस आधी लावून ठेवण्याची सवय मला तंत्राइतकीच शिष्टाचाराचीही वाटते.

फुल-फ्रेम कॅमेरा (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) आणि २८ मिमीची लेन्स असेल, तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र, एफ/८ वर ठेवून आठ फुटांवरच्या एखाद्या खांबावर फोकस करावा आणि लगेच मॅन्युअल फोकसवर यावे, म्हणजे लावलेला फोकस कॅमेरा आपणहून बदलणार नाही. आता साधारण पाच फुटांपासून तीस फुटांपर्यंत जे काही येईल ते पुरेसे स्पष्ट उमटते. ३५ मिमीच्या लेन्सवर हाच पट्टा साडेपाच ते पंधरा फुटांपर्यंत आखडतो. पहाटे उजेड कमी असल्याने छिद्र मोठे करून एफ/४ पर्यंत यावे लागते आणि मग २८ मिमीवरही जेमतेम सहा ते साडेबारा फूट हाती राहतात. अशा वेळी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० पर्यंत जाऊ द्यावा, परंतु चालत्या माणसांसाठी शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली आणू नये. फोटोत थोडे दाणे (वाढलेल्या आयएसओमुळे येणारा खरखरीतपणा) दिसलेले चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

राहतो तो अंतराचा अंदाज. घरात टेपने आठ फूट मोजून तेवढ्या अंतरावर माणूस केवढा दिसतो हे डोळ्यांत भरून घ्यावे आणि मग रस्त्यावर कॅमेरा न उचलता अंदाज बांधून पाहावा. आठवडाभरात नजर बसते. त्यानंतर फोकसची रिंग फिरवण्याऐवजी आपणच पाऊलभर पुढे-मागे व्हायचे असते.

बाजारात मात्र ते पाऊल जपून टाकावे लागते. पाटीवाल्याला मान वळवता येत नाही आणि मध्येच थांबताही येत नाही, त्यामुळे त्याच्या वाटेत उभे न राहता एखाद्या खांबाच्या आडोशाला राहावे. जमिनीवर मांडलेल्या फुलांना पाय लागू देऊ नये, ओलांडून जाऊ नये आणि वाकून त्यांचा वासही घेऊ नये, कारण ती देवाला वाहण्यासाठी विकायची असतात. बोहनी होण्यापूर्वी कोणालाही फोटोसाठी अडवू नये.

चालत्या गर्दीचा फोटो न विचारता काढणे मला गैर वाटत नाही. पण गजरे ओवत बसलेल्या मावशींच्या समोर, आठ फुटांवर उभे राहायचे असेल, तर आधी विचारावे. ‘मावशी, तुमच्या हातांचा फोटो काढू का?’ एवढे पुरते. त्या बहुधा क्षणभर अवघडतात आणि पुन्हा कामाला लागतात, बोटे कळ्यांमागून कळ्या दोऱ्यात गुंतवू लागतात, आणि फोकस तयारच असल्याने तोच क्षण आपल्याला मिळतो. त्यांनी मान हलवून नाही म्हटले, तर कॅमेरा खाली घ्यावा आणि लांबून झूम लावून तोच फोटो चोरू नये. पोरांचा फोटो सोबतच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय काढू नये आणि झोपलेल्या माणसाचा तर काढूच नये. कोणी फोटो पुसायला सांगितले, तर वाद न घालता त्याच्यासमोर पुसावा.

काढलेला फोटो लगेच स्क्रीनवर दाखवावा. प्रिंट देईन असे कबूल केले असेल, तर ती पुढच्या खेपेस गर्दी ओसरल्यावर नेऊन द्यावी, कारण विक्रीच्या वेळी त्यांचे हात ओले असतात.