इंग्रजीत एम.ए. करताय? या चुका टाळा

यंदा माझं एम.ए. इंग्रजी पूर्ण झालं. बारावीपर्यंत मराठी माध्यम, बार्शीजवळचं गाव. पुढची पाच वर्षं पुण्यात. आता गावाकडची पोरं फोन करून विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगते, तेच इथे लिहितेय.

मूळ पुस्तकाआधी गाईड

अप्पा बळवंत चौकात प्रत्येक पेपरचं गाईड मिळतं. सारांश, पात्रांची स्वभावचित्रं, अपेक्षित प्रश्न, सगळं तयार. पहिली दोन वर्षं मी त्यावरच काढली आणि मार्कही पडले. मग शेक्सपिअरचं 'किंग लिअर' नाटक अभ्यासाला आलं. शेवटाकडे लिअर धाकट्या मुलीसमोर स्वतःला 'फूलिश, फॉन्ड ओल्ड मॅन' म्हणतो. 'फॉन्ड' म्हणजे मायाळू, असं धरून मी पुढे गेले. पण शेक्सपिअरच्या काळात त्या शब्दाचा अर्थ होता खुळा. 'मायाळू' घेतलं तर म्हातारा लाडात येऊन बोलतोय असं वाटतं. 'खुळा' घेतलं की राज्य वाटून बसलेला एक बाप आपली चूक पदरात घेतोय हे कळतं आणि गलबलून येतं. गाईडमध्ये यातलं काही नव्हतं. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातल्या सटीप प्रतीत, पानाच्या तळाशी, एका ओळीत होतं.

म्हणून आधी मूळ संहिता वाचा. पहिल्यांदा न थांबता, अडलेल्या शब्दाखाली नुसती पेन्सिलीची रेघ मारत. नाटक असेल तर एका बैठकीत एक अंक. दुसऱ्या वेळी आर्डनसारखी टिपांची आवृत्ती शेजारी ठेवा. मोबाईलमधली साधी डिक्शनरी बहुतेक वेळा आजचा अर्थ देते, चारशे वर्षांपूर्वीचा नाही. जो शब्द ओळखीचा वाटतो, तोच जास्त फसवतो. गाईड उघडायचंच असेल तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, उजळणीपुरतं.

मराठी दाराबाहेर ठेवणं

सगळ्यात मोठं नुकसान यानं होतं. 'इंग्रजीतच विचार करा' हे वर्गात इतकं ऐकवलं जातं, की मराठी माध्यमातली मुलं आपली भाषा लपवायलाच लागतात. 'लिअर'मधले 'दाऊ' आणि 'यू' घ्या. ढोबळमानाने 'दाऊ' म्हणजे आपलं 'तू' आणि एका माणसाला आदरानं म्हटलेलं 'यू' म्हणजे 'तुम्ही'. पहिल्याच प्रवेशात लिअर कॉर्डेलियाला, त्याच धाकट्या मुलीला, झिडकारतो, तेव्हा त्याचा सरदार केंट मध्ये पडतो आणि भर दरबारात राजाला 'दाऊ' म्हणतो, वर 'ओल्ड मॅन' म्हणतो. सरदार राजाशी एकेरीवर आला! आजच्या इंग्रजीत हा फरक उरलेला नाही, त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या माझ्या मैत्रिणींना तो शिकून घ्यावा लागला. आपल्याला तो घरातूनच मिळालेला असतो.

आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं ते 1883 साली, 'विकारविलसित' नावानं. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी 'लिअर' मराठीत केलं. हे अनुवाद मुळाशेजारी ठेवून वाचण्यात काही कमीपणा नाही. अनुवादक जिथे अडखळतो, तिथेच बहुधा त्या ओळीची खरी गाठ असते.

उत्तरात चरित्र भरणं

दहा मार्कांच्या उत्तरात कवीचा जन्म, शिक्षण, लग्न यांत दीड पान घालवू नका. कवितेतले दोन शब्द उचला आणि तेच का वापरले असतील ते लिहा. वाक्यं छोटी असली तरी चालतात.

नेट-सेट शेवटी आठवणं

नेट आणि सेट या कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षा. नेटचा दुसरा पेपर 100 प्रश्नांचा, 200 मार्कांचा आणि पूर्ण वस्तुनिष्ठ. कालक्रम लावा, जोड्या जुळवा, समीक्षा सिद्धांत असं सगळं त्यात येतं. सेमिस्टरच्या मोठ्या उत्तरांनी याची तयारी होत नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून भिंतीवर सनावळीचा एक कागद चिकटवा आणि वाचलेली प्रत्येक कलाकृती त्यावर नोंदवत जा.

मनातल्या मनात वाचणं

नाटक आणि कविता मोठ्यानं वाचा, उच्चार चुकले तरी. आम्ही तिघी रविवारी होस्टेलच्या गच्चीवर पात्रं वाटून घ्यायचो. एक प्रवेश इंग्रजीत वाचायचा, मग पुस्तक मिटून तोच मराठीत बोलायचा. केंटचं वाक्य माझ्या वाट्याला आलं, तेव्हा 'अरे म्हाताऱ्या' म्हणताना माझा आवाज कापला होता.